ज्यांना गाण्याचा परवाना नव्हता : साम्यवादी चेकोस्लोव्हाकियातील गाणी आणि सरकार

तबकडी (धागाकर्ता)

गेली अनेक वर्षे मी पूर्व युरोपातील जुन्या तबकड्या जमवतो आणि ऐकतो. ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली की १९६९ पर्यंत ज्यांचे आवाज घरोघरी पोचले होते, अशा काही गायकांची एकही तबकडी पुढच्या वीस वर्षांत निघालेली नाही. त्याचे कारण शोधताना जे वाचनात आले ते येथे सविस्तर मांडतो आहे. जाणकारांनी भर घालावी.

‘सेन्सॉर’ म्हटले की आपल्या मनात कात्री येते. कोणीतरी बसून ओळी खोडतो आहे, एखादा शब्द बदलायला लावतो आहे, असे चित्र उभे राहते. चेकोस्लोव्हाकियात तसेही घडत होते, पण तेथील बंदोबस्ताचा खरा कणा होता तो परवाना. पैसे घेऊन गायचे किंवा वाजवायचे, तर सरकारमान्य संस्थेच्या छत्राखाली असणे आणि परीक्षक मंडळासमोर उत्तीर्ण होणे आवश्यक होते. तबकड्या काढणाऱ्या कंपन्या, नभोवाणी, सभागृहे आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या संस्था या साऱ्याच सरकारच्या असल्यामुळे परवाना गेला की गाणाऱ्याच्या पोटावरच पाय येत असे. त्यासाठी त्याचे एकही गाणे जाहीरपणे बंद करावे लागत नसे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. जानेवारी १९६८ मध्ये अलेक्झांडर दुब्चेक पक्षाचे प्रमुख झाले, वृत्तपत्रांवरील बंधने उठली आणि काही महिने त्या देशाने मोकळा श्वास घेतला. २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत रशियाच्या नेतृत्वाखालील लष्करी गटाच्या, फौजा सीमा ओलांडून आत आल्या. एप्रिल १९६९ मध्ये दुब्चेक यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले आणि ज्याला सरकारने ‘सामान्यीकरण’ असे नाव दिले तो काळ सुरू झाला. शिक्षक, पत्रकार, संशोधक यांना हजारोंच्या संख्येने नोकऱ्यांवरून काढण्यात आले. प्राध्यापक बॉयलरखान्यात कोळसा ओढू लागले आणि लेखक खिडक्या पुसू लागले. संगीताची पाळी याच ओघात आली.

मार्ता कुबिशोवा ही त्या काळातली सर्वांत लाडकी गायिका. वाचकांच्या मतदानातून दिला जाणारा ‘सोनेरी बुलबुल’ हा पुरस्कार तिला १९६६, १९६८ आणि १९६९ असा तीनदा मिळाला. फौजा आल्यानंतरच्या दिवसांत तिचे ‘मार्तासाठी प्रार्थना’ हे गाणे लोकांच्या तोंडी बसले. ते मुळात दूरचित्रवाणीच्या एका मालिकेसाठी केलेले होते आणि त्याच्या शब्दांमागे सतराव्या शतकातील कोमेन्स्की यांचे वचन होते. शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आपण ज्यांना कोमेनियस म्हणून ओळखतो, तेच हे. या भूमीत शांतता नांदो आणि तुझा हरवलेला कारभार, हे लोकहो, पुन्हा तुझ्या हाती येवो, असा त्याचा आशय. गाण्यात रणगाड्यांचा उल्लेख नाही की रशियाचे नाव नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका निर्वासित धर्मोपदेशकाचे शब्द खोडायचे तरी कसे, हा प्रश्न होताच. तेव्हा गाणे बाजूला ठेवून गायिकेवरच घाव घालण्यात आला. १९७० च्या प्रारंभी तिची म्हणून काही अश्लील छायाचित्रे पुढे करण्यात आली. ती बनावट होती. तिने न्यायालयात दाद मागितली, छायाचित्रे तिची नाहीत हे उघड झाले, तरीही व्यासपीठ तिला परत मिळाले नाही. वात्स्लाव नेत्स्कार्श आणि हेलेना वोंद्राच्कोवा यांच्याबरोबरचा तिचा ‘गोल्डन किड्स’ हा त्रिकुटाचा संच तेथेच संपला. देशातली पहिल्या क्रमांकाची गायिका त्यानंतर प्लॅस्टिकच्या पिशव्या तयार करण्याच्या कामाला लागली. त्या वेळी तिचे वय सत्तावीस-अठ्ठावीस होते.

दुसरी कथा ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या बँडची आहे. १९६८ च्या शरद ऋतूत, म्हणजे फौजा आल्यानंतर काही आठवड्यांतच, मिलान ह्लावसा नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने प्रागमध्ये तो काढला. अमेरिकेतील फ्रँक झॅपा आणि ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हे त्यांचे आदर्श. त्यांचे कलादिग्दर्शक इव्हान यिरोउस हे कलेतिहासाचे अभ्यासक होते. या मुलांना राजकारणाशी काही कर्तव्य नव्हते, आणि हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर फिरतो. त्यांना लांब केस ठेवायचे होते, रंग फासून रंगमंचावर उभे राहायचे होते आणि कर्कश, संथ, काळोखे संगीत वाजवायचे होते. १९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला. परवान्याबरोबर सरकारी मालकीची वाद्ये आणि तालमीची जागाही गेली. त्यांनी जंगलात लाकूडतोडीची कामे करून पैसे साठवले आणि जुन्या रेडिओंचे भाग जोडून स्वतःच ध्वनिवर्धक तयार केले.

यिरोउस हे चित्रकारांच्या संघाचे सदस्य असल्यामुळे त्यांना व्याख्यानासाठी सभागृह मिळू शकत असे. त्यांनी अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारावर व्याख्यान ठेवले. पडद्यावर काही पारदर्शिका दाखवल्या, वॉरहॉल यांचा ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’शी संबंध कसा होता ते सांगितले आणि मग ‘त्या संगीताचे प्रात्यक्षिक’ म्हणून बँड तासन् तास वाजवत राहिला. परवाना मैफलीसाठी लागतो, व्याख्यानातील उदाहरणांसाठी लागत नाही, एवढ्या एका फटीतून ते आत शिरले होते.

१९७३ मध्ये त्यांना परवाना पुन्हा मिळाला आणि दोनच आठवड्यांत काढून घेण्यात आला. त्यांचे संगीत विकृत असून समाजावर त्याचा वाईट परिणाम होईल, असे कारण देण्यात आले. मार्च १९७४ मध्ये चेस्के बुदेयोवित्से या गावाजवळ होणाऱ्या मैफलीसाठी प्रागहून रेल्वेने आलेल्या शेकडो तरुणांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपून परत गाडीत कोंबले. त्यांतल्या अनेक विद्यार्थ्यांची नावे लिहून घेण्यात आली आणि त्यांना शाळा-महाविद्यालयांतून काढण्यात आले. म्हणजे वाजवणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यालाही आता किंमत मोजावी लागत होती.

यानंतर मैफली खेड्यांतल्या खानावळींत आणि खळ्यांत होऊ लागल्या, बहुधा कोणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने. कार्यक्रम कोठे आहे हे कानोकानी पोचे, स्थानकावर उतरून बर्फातून कित्येक किलोमीटर चालत जावे लागे. २१ फेब्रुवारी १९७६ रोजी बोयानोवित्से येथे यिरोउस यांच्या लग्नाच्या निमित्ताने अशीच एक मोठी मैफल झाली. महिन्याभरात, मार्चमध्ये, धरपकड झाली. सप्टेंबरमध्ये प्रागच्या न्यायालयात खटला उभा राहिला. आरोप राजद्रोहाचा नव्हता, सार्वजनिक शांतताभंगाचा होता. यिरोउस यांना अठरा महिने, कवी-संगीतकार पावेल झायिचेक यांना बारा, आणि धर्मोपदेशक-गायक स्वातोप्लुक कारासेक व सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स यांना प्रत्येकी आठ महिने तुरुंगवास झाला.

त्या न्यायालयाच्या मार्गिकेत नाटककार वात्स्लाव हावेल उभे होते. त्यांचा रॉक संगीताशी फारसा संबंध नव्हता आणि यिरोउस यांची ओळखही नवी होती. परंतु आपण आपल्या पद्धतीने जगू पाहतो, एवढ्या कारणासाठी या तरुणांना शिक्षा होते आहे हे त्यांना तेथे दिसले आणि त्याविषयी त्यांनी लेख लिहिला. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे तत्त्वज्ञ, १९६८ नंतर पक्षातून काढलेले जुने साम्यवादी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि केसाळ तरुण त्या मार्गिकेत एकत्र आले. १ जानेवारी १९७७ ही तारीख असलेली ‘चार्टर ७७’ ही मानवी हक्कांची सनद त्यातूनच निघाली.

मला वाटते ते असे की त्या राजवटीने या मुलांना विरोधक ठरवले, आणि ठरवल्यानंतरच ते विरोधक झाले. तुम्हाला काय वाटते?

---

खर्जातला_सा

फार मोलाचा धागा. मी स्वतः तालवाद्य वाजवतो, म्हणून एक नेमका प्रश्न विचारतो. परीक्षक मंडळ नेमके काय तपासत असे? वादनाची गुणवत्ता तपासली तर त्यात गैर काही नाही, आपल्या आकाशवाणीतही श्रेणी मिळवण्यासाठी ध्वनिचाचणी द्यावीच लागते.

---

तबकडी

प्रश्न रास्त आहे. आकाशवाणीची श्रेणी नसली तरी गणेशोत्सवात वाजवायला कोणी अडवत नाही, हा पहिला फरक. तेथे श्रेणी नसेल तर मानधन घेऊन कोठेही वाजवता येत नसे. श्रेणीवर बिदागी ठरे, हे मात्र आपल्यासारखेच.

दुसरे म्हणजे, वादनाबरोबर संगीतशास्त्राचे प्रश्न असत, राजकीय जाण तपासणारे प्रश्न असत, आणि गाण्यांची यादी, पोशाख, केसांची लांबी व बँडचे नाव हेही पाहिले जाई. इंग्रजी नावे चालत नसत. ‘ब्लू इफेक्ट’ या उत्तम बँडला आपले नाव चेक भाषेत ‘मोद्री एफेक्ट’ असे करावे लागले आणि पुढे तेही आखडून ‘एम. एफेक्ट’ झाले. निळा हा शब्द इंग्रजीतून चेकमध्ये आल्याने संगीतात काय बदलले असेल, हे तुम्हीच सांगा. बदलले ते एवढेच की आम्ही सांगितल्याबरोबर तुम्ही नावही बदलता, हे नोंदले गेले.

मंडळापुढे नापास होणारे बहुतेक जण निकृष्ट वादक नव्हते. म्हणून मला ही परीक्षा संगीताची वाटतच नाही.

---

गिरणगाव

लेख आवडला, तरी माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते आणि अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाचे कार्यक्रम त्यांनी कामगार मैदानावर पाहिले होते. त्या कलापथकाच्या तमाशांवर मुंबई सरकारने बंदी घातली होती, आणि ते सरकार साम्यवादी नव्हते, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले होते. शाहिरांनी ‘तमाशा’ऐवजी ‘लोकनाट्य’ हे नाव घेऊन मार्ग काढला. तेव्हा गाण्याला घाबरणे ही केवळ एका विचारसरणीची खोड नाही.

शिवाय ज्या व्यवस्थेने कामगारांच्या मुलांना जवळजवळ फुकट संगीत शिकवले, नाटक-मैफलींची तिकिटे त्यांच्या आवाक्यात आणली, तिचा उल्लेखही धाग्यात नाही. बाजाराची बंदीही बंदीच असते. ज्याच्या गाण्याला गिऱ्हाईक नाही त्याची तबकडी आपल्याकडेही निघत नाही.

---

तबकडी

गिरणगाव, तुमचा आक्षेप मी मनापासून घेतो. तेथील ‘लोककला शाळा’ खरोखरच चांगल्या होत्या. गावोगावी होत्या, शुल्क नाममात्र होते, आणि आजही तेथील सामान्य घरांत व्हायोलिन वाजवणारी माणसे भेटतात त्याला ती परंपरा कारण आहे. हे मूळ लेखात यायला हवे होते.

परंतु दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बाजाराने नाकारलेला शाहीर दुसऱ्या दिवशी चौकात उभा राहून डफावर थाप मारू शकतो. ज्या कलापथकाचा तुम्ही उल्लेख केलात, त्यानेही बंदीनंतर नाव बदलून फड उभा केलाच. चेकोस्लोव्हाकियात खळ्यात, पाहुण्यांसमोर, बिदागी न घेता वाजवले म्हणून तुरुंगात जावे लागले.

दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांच्यावर घाव पडले त्यांतले कितीतरी जण डावेच होते. ‘प्लॅस्टिक पीपल’ ज्यांच्या कविता गात ते एगोन बोंदी हे मार्क्सवादी तत्त्वचिंतक होते. पूर्व जर्मनीचे वोल्फ बिअरमान यांचे उदाहरण तर हृदय पिळवटणारे आहे. त्यांचे वडील हँबुर्गच्या गोदीतले ज्यू साम्यवादी कामगार, त्यांचा ऑशविट्झमध्ये अंत झाला. मुलगा १९५३ मध्ये, सोळाव्या वर्षी, स्वखुशीने पश्चिमेकडून पूर्व जर्मनीत राहायला गेला, कारण वडिलांच्या स्वप्नातला देश तोच, असे त्याला वाटत होते. त्याची गाणी त्या स्वप्नाच्याच बाजूने सरकारला जाब विचारणारी होती. १९६५ पासून त्याला जाहीर गाण्याची बंदी होती. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याला पश्चिम जर्मनीच्या दौऱ्यावर जाऊ दिले गेले, त्याने कोलोन येथे मैफल केली, आणि तीन दिवसांनी त्याचे नागरिकत्व रद्द झाल्याचे जाहीर झाले. तुमचे आजोबा ज्या निशाणाखाली उभे होते त्याच निशाणाखाली हा माणूस उभा होता. म्हणून हा विषय डाव्या वाचकाला अधिक लागायला हवा, असे मला वाटते.

---

गिरणगाव

बिअरमान यांच्या वडिलांविषयी माहीत नव्हते. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाचतो आहे, लिहीत राहा.

---

सदाफुली

गिरणगाव यांच्या मुद्द्याला जोडून आणखी एक आठवण. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार केली होती. हे मंत्री मराठी होते आणि शास्त्रीय संगीताच्या कळकळीपोटीच त्यांनी ते केले. परिणाम असा झाला की सारा देश सिलोन केंद्राला कान लावून बसला. माझी आई सांगते की बुधवारी रात्री गल्लीतल्या ज्या एका घरी रेडिओ होता तेथे बसायला जागा मिळत नसे. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. चेक लोकांचे ‘सिलोन’ कोणते होते?

---

तबकडी

सदाफुली, त्यांचे सिलोन म्हणजे म्युनिकहून चालणारे ‘रेडिओ फ्री युरोप’. ते अमेरिकी पैशावर चाले, हे लपवण्याचे कारण नाही. कारेल क्रिल हा त्यांचा कवी-गायक १९६९ मध्ये देश सोडून तेथेच गेला. फौजा आल्याच्या रात्रीनंतर त्याने केलेले ‘धाकट्या भावा, फाटक लावून घे’ हे गाणे त्या पिढीला तोंडपाठ आहे. मोठा भाऊ लहानग्याला समजावतो आहे की रडू नकोस, दारात आले आहेत ते बागुलबुवा नाहीत, ते सैनिक आहेत. सोबतीला फक्त एक गिटार. त्याची पहिली तबकडी १९६९ मध्ये निघाली आणि तिच्यावर लवकरच बंदी आली. तो देशाबाहेर गेल्यानंतर वीस वर्षे त्याचा आवाज लघुलहरींवरून येत राहिला.

येथे आपल्या सिलोनशी असलेले साम्य संपते, कारण केसकरांनी सिलोनच्या लहरींवर गोंगाट सोडला नाही. तेथे त्या केंद्राच्या प्रक्षेपणावर १९८८ च्या अखेरपर्यंत मुद्दाम घरघर सोडली जात असे. ती घरघर शहरात जास्त आणि खेड्यात कमी ऐकू येई.

---

मुशाफिर

सोव्हिएत रशियातील ‘हाडांवरचे संगीत’ याचा उल्लेख येथे व्हायलाच हवा. मी अशी एक तबकडी एका प्रदर्शनात हातात घेऊन पाहिली आहे, म्हणून लिहितो. दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये रुस्लान बोगोस्लोव्स्की, बोरिस तायगिन आणि त्यांच्या मित्रांनी स्वतः बनवलेल्या यंत्रावर चोरून तबकड्या कोरायला सुरुवात केली. कोरायला प्लॅस्टिक कोठून आणायचे? इस्पितळांना जुन्या क्ष-किरण फिल्म जपून ठेवण्याचे ओझे होते आणि त्या ज्वालाग्राहीही असत, त्यामुळे तेथून त्या थोड्याशा पैशांत मिळत. फिल्म कात्रीने गोल कापायची आणि मधले भोक जळत्या सिगारेटने पाडायचे. एकाच बाजूवर गाणे, ७८ च्या वेगाने, आणि काही वेळा वाजवल्यावर ते झिजून जाई.

मी पाहिलेल्या तबकडीवर कोणाची तरी बरगडी होती. प्रकाशाकडे धरली की फासळ्यांवरून फिरत गेलेले बारीक चर दिसत होते, आणि भोकाची कड एका बाजूने तपकिरी झालेली होती. ज्याची ती छाती, त्या माणसाचे पुढे काय झाले असेल, या विचाराने मी बराच वेळ तेथून हललो नाही. पाश्चात्त्य जॅझबरोबरच देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची विरहगीतेही त्यांवर कोरली जात, कारण तीही निषिद्धच होती. १९५० मध्ये ही मंडळी पकडली गेली. तायगिन आणि बोगोस्लोव्स्की दोघेही तुरुंगात गेले, आणि बाहेर आल्यावर त्यांनी हेच काम पुन्हा सुरू केले.

याच रशियात राज कपूर यांचा ‘आवारा’ १९५४ पासून राजरोस चालला आणि त्याचे शीर्षकगीत लोकांच्या ओठांवर बसले. परके संगीत म्हणून सरसकट बंदी नव्हती. कोणाचे परके, हे मात्र पाहिले जाई.

---

तबकडी

मुशाफिर, मनापासून आभार. ‘कोणाचे परके’ या तुमच्या शब्दांवरून १९८५ ची एक यादी आठवली. युक्रेनमधील निकोलायेव प्रांताच्या युवक संघटनेने नृत्यगृहांसाठी ती गुप्तपणे काढली होती. तीत अडतीस परदेशी कलावंतांची नावे होती आणि प्रत्येकापुढे त्याचा दोष लिहिलेला होता. ‘ब्लॅक सॅबाथ’पुढे हिंसा आणि धार्मिक अंधश्रद्धा, टीना टर्नर यांच्यापुढे कामुकता, तर हळुवार प्रेमगीते गाणारे हुलिओ इग्लेसियास यांच्यापुढे नवफॅसिझम. ‘पिंक फ्लॉइड’चा दोष असा की त्यांनी सोव्हिएत परराष्ट्र धोरणाचा, म्हणजे अफगाणिस्तानातील आक्रमणाचा, विपर्यास केला. ही यादी करणारा माणूस एरवी कदाचित चांगला नोकरदार असेल. त्याला रकाना भरायचा होता आणि प्रत्येक नावापुढे काहीतरी लिहिणे भाग होते. मला या रकान्याची भीती वाटते.

पूर्व जर्मनीतील ‘रेन्फ्ट’ या बँडची गोष्ट याच्याही पुढची आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये परवान्याच्या नूतनीकरणासाठी ते लाइपझिगच्या सांस्कृतिक समितीपुढे गेले. एकही गाणे वाजवू न देता त्यांना सांगण्यात आले की तुमचा बँड आता अस्तित्वात नाही. आमच्यावर बंदी आहे का, असे त्यांनी विचारले. त्यावर उत्तर मिळाले की आम्ही बंदी असे म्हटलेलेच नाही, तुम्ही अस्तित्वात नाही असे म्हटले आहे. पुढे त्यांच्या तबकड्या दुकानांतून नाहीशा झाल्या, नभोवाणीवर त्यांची गाणी लागेनाशी झाली. हे संभाषण आज शब्दशः माहीत आहे, कारण बँडच्या प्रमुखाने, क्लाउस रेन्फ्ट यांनी, ते लपवून ध्वनिमुद्रित केले होते. संगीतकाराजवळ ध्वनिमुद्रण यंत्र असणार, हे समितीच्या लक्षात आले नाही.

---

व्लतावाकाठी

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे प्रागमध्ये राहते. येथील माणसांकडून जे ऐकले त्यातले थोडे सांगते, कारण धाग्यात आतापर्यंत ज्यांनी सोसले त्यांच्याविषयीच आले आहे.

जानेवारी १९७७ मध्ये, चार्टरला उत्तर म्हणून, सरकारने राष्ट्रीय नाट्यगृहात कलावंतांना बोलावून निष्ठेच्या निवेदनावर सह्या घेतल्या. लोक याला ‘प्रतिचार्टर’ म्हणतात. आठवड्याभराने, ४ फेब्रुवारीला, सुगम संगीतातील मंडळींची सभा झाली आणि तीत कारेल गोट यांनी भाषण केले. गोट म्हणजे या देशाचा सर्वांत मोठा गायक. त्या दिवशी सह्या करणाऱ्यांत मनाने चार्टरच्या बाजूचे असलेलेही पुष्कळ होते, आणि ज्या चार्टरचा निषेध करायचा ते त्यांना वाचायलाही दिलेले नव्हते. सही न करणे म्हणजे आपला परवाना, आपल्या वादकांचा रोजगार आणि मुलांचे उच्च शिक्षण पणाला लावणे.

२०१९ मध्ये गोट वारले तेव्हा अंत्यदर्शनाची रांग नदीच्या काठाने लांबवर गेली होती. माझ्या कार्यालयातल्या दोन ज्येष्ठ सहकारी स्त्रियांपैकी एक त्या रांगेत पहाटेपासून उभी होती. दुसरीने त्या दिवशी तिच्याशी बोलणे टाळले, कारण तिच्या काकांना १९७७ मध्ये नोकरी गमवावी लागली होती. दोघी तीस वर्षे एकाच खोलीत काम करतात. मी तेव्हा दोघींनाही चहा नेऊन दिला आणि काही बोलले नाही.

तबकडी, तुमचे या सह्या करणाऱ्यांविषयी काय मत आहे?

---

तबकडी

बराच विचार करून लिहितो आहे. १९७१ मध्ये गोट पश्चिम जर्मनीत राहून गेले होते आणि हुसाक यांच्याशी पत्रव्यवहार होऊन ते परतले. म्हणजे राजवटीला त्यांची गरज होती आणि ती गरज दोन्ही बाजूंना माहीत होती. ज्याच्याजवळ एवढे वजन आहे त्याने ते कुबिशोवासाठी खर्च करायला हवे होते, असे मला वाटते. परंतु मागच्या रांगेतल्या ट्रम्पेटवादकाने सही केली, तर त्याला बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. ज्या व्यवस्थेत सही न केल्याची शिक्षा मुलीच्या शाळाप्रवेशात मिळते, तेथे त्या सहीचा दोष सही घेणाऱ्याकडे अधिक जातो. कुबिशोवाने मात्र उलट केले. चार्टरवर सही केली आणि पुढे ती त्याची प्रवक्तीही झाली.

---

खर्जातला_सा

१९७७ नंतर सगळे थंडावले का? ऐंशीच्या दशकाविषयी काहीच आलेले नाही.

---

तबकडी

थंडावले नाही, पण पद्धत बदलली. ‘प्लॅस्टिक पीपल’नी १९७८ मध्ये हावेल यांच्या ह्रादेचेक येथील शेतघरात ध्वनिमुद्रण केले. ब्राबेनेत्स यांना इतका त्रास दिला गेला की १९८२ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. यिरोउस यांच्या आयुष्यातली आठांहून अधिक वर्षे निरनिराळ्या शिक्षा मिळून तुरुंगात गेली. १९८३ मध्ये पक्षाच्या ‘ट्रिब्यूना’ साप्ताहिकात टोपणनावाने एक लेख आला, ‘नवी लाट, जुना आशय’ अशा मथळ्याचा, आणि त्यानंतर ‘प्राझ्स्की व्हिबेर’सारख्या कितीतरी तरुण बँडांची दारे बंद झाली. ‘जॅझ विभाग’ ही संगीतकार संघाची अधिकृत शाखा सभासदांसाठी म्हणून पुस्तके छापत असे. तो रीतसर विसर्जित करूनही बंद पडेना, तेव्हा १९८६ मध्ये त्याच्या पदाधिकाऱ्यांना बेकायदा व्यवसायाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. प्रमुख कारेल स्र्प यांना सोळा महिन्यांची शिक्षा झाली. खटला नेहमी कशाचा तरी वेगळाच असे, कधी शांतताभंगाचा तर कधी हिशेबाचा. संगीतासाठी कोणाला शिक्षा झाली, असे निकालपत्रात सापडत नाही.

---

अश्विनमास

मी एरवी फक्त वाचते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे सासरे अभियंता होते आणि १९७० च्या दशकात कारखान्यातर्फे प्रशिक्षणासाठी काही महिने ब्रनो येथे होते. वसतिगृहातल्या शेजारच्या खोलीतल्या एका चेक फिटरशी त्यांची मैत्री झाली. रविवारी दुपारी तो खिडकी लावून घेई, टेपचा आवाज अगदी लहान करी आणि दोघे यंत्राजवळ डोके नेऊन ऐकत बसत. सासऱ्यांना चेक भाषा जेमतेम येत होती. ते सांगत की एक बाई गात असे आणि तो मित्र ओठ हलवत असे, पण आवाज काढत नसे. निघताना त्याने एक फीत भेट दिली. खोक्यावर चेक संगीतकार द्वोर्झाकच्या सिंफनीचे नाव लिहिलेले आहे, आत काय आहे ते आम्ही कधीच ऐकले नाही, कारण घरी तसले यंत्र नव्हते. सासरे गेल्याला सहा वर्षे झाली. हा धागा वाचून काल माळ्यावरून ते खोके काढले. फीत तपकिरी आहे, तुटलेली दिसत नाही, किंचित आंबूस वास येतो. ती वाजवता येईल का?

---

व्लतावाकाठी

अश्विनमास, नोव्हेंबर १९८९ मध्ये वेन्सेस्लास चौकातील मेलांट्रिख इमारतीच्या सज्जातून कुबिशोवाने वीस वर्षांनी ‘मार्तासाठी प्रार्थना’ जाहीरपणे गायली, तेव्हा माझी ती सहकारी (रांगेत न गेलेली) खाली गर्दीत उभी होती. त्या बाईने वाद्यांशिवाय सुरुवात केली आणि खालच्या लोकांना प्रत्येक शब्द येत होता, असे ती सांगते. वीस वर्षे न वाजलेले गाणे त्यांना कसे येत होते, याचे उत्तर तुमच्या खोक्यात असेल. ध्वनिमुद्रण झाले तर मला पाठवा, मी तिला ऐकवून शब्द उतरवून घेईन.

---

तबकडी

अश्विनमास, कृपा करून कोणत्याही घरगुती यंत्रावर ती लगेच लावू नका. आंबूस वास हा फीत जुनी होऊन तिची मूळ अ‍ॅसिटेटची पट्टी विघटित होत असल्याचे लक्षण असू शकते. ती कोरड्या जागी, उन्हापासून आणि ध्वनिक्षेपकाच्या चुंबकापासून दूर, उभी ठेवा. खोके आणि त्यावरची अक्षरे यांची छायाचित्रे काढून ठेवा. शाईही फिकी होत जाते. ओढून किंवा हाताने उलगडून पाहू नका. चेक बनावटीच्या टेस्ला यंत्रावर ती घेतलेली असेल, तर वेग बहुधा सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर असेल. पुण्यात माझ्याकडे त्या वेगाचे, नुकतेच दुरुस्त करून घेतलेले यंत्र आहे. पावसाळा संपला की दिवाळीच्या सुमारास तुम्ही किंवा घरातले कोणी घेऊन आलात तर एकदाच वाजवू आणि त्याच वेळी मुद्रित करून घेऊ. पहिल्या खेपेला जे येईल तेवढेच हाती लागेल असे धरून चाला. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो.